याकुझांचे सुव्यवस्थित नियमन : नवनियुक्त अधिकाऱ्यासाठी पायरी-पायरीने मार्गदर्शक

जपानमध्ये गुन्हेगारांची संघटित टोळी, म्हणजे याकुझांची टोळी, चालवणे हा स्वतंत्र गुन्हा नाही. टोळीला नाव असते, बोधचिन्ह असते, मुख्य कार्यालय असते, त्या कार्यालयाचा पत्ता शासकीय राजपत्रात छापून येतो आणि टोळीप्रमुखाचे नावही तिथेच वाचायला मिळते. अशा देशात गुन्हेगारांच्या बंदोबस्ताचे काम ज्याच्या टेबलावर येते, त्याला पिस्तुलापेक्षा नस्तीची गरज अधिक पडते. ही मार्गदर्शिका त्या अधिकाऱ्यासाठी आहे. तिच्यात दोन प्रकारचा मजकूर आहे. ‘प्रचलित’ म्हणून जे सांगितले आहे ते जपानच्या कायद्यात, न्यायनिर्णयांत, पोलिसांच्या आकडेवारीत किंवा टोळ्यांच्या रीतीभातींत प्रत्यक्ष आढळते. ‘प्रस्तावित’ म्हणून जे सांगितले आहे ती प्रस्तुत लेखकाची उपहासात्मक भर असून कोणत्याही शासनाने ती मनावर घेऊ नये. काही ठिकाणी प्रचलित नियमच अधिक विनोदी वाटतील, त्याला लेखकाचा इलाज नाही.

पायरी १ : बंदी घालू नये, नोंद करावी

नवख्या अधिकाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो बंदीचा. तो त्याने रुजू होण्याच्या दिवशीच सोडून द्यावा. जपानच्या राज्यघटनेचे २१ वे कलम संघटना करण्याचे स्वातंत्र्य देते, आणि त्यामुळे १९९१ साली संमत झालेला व १ मार्च १९९२ पासून अमलात आलेला टोळीविरोधी कायदा टोळीला बेकायदा ठरवत नाही, तर ‘निर्देशित’ ठरवतो. महाराष्ट्रातील वाचकाला यातला फरक लगेच कळेल, कारण आपल्याकडे १९९९ च्या मकोका कायद्याखाली संघटित गुन्हेगारी टोळीचा नुसता सदस्य असणे हाच किमान पाच वर्षांच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे. जपानमध्ये मात्र सदस्याला आधी यादीत घेतात आणि मग यादीतल्या माणसाने काय काय करू नये ते कळवतात.

निर्देशनाचे प्रचलित निकष तीन आहेत. टोळीच्या नावाचा धाक वापरून सदस्यांना पैसा कमावता यावा हा तिचा खरा हेतू असला पाहिजे. तिची रचना प्रमुखाच्या हाताखाली उतरंडीने बांधलेली असली पाहिजे. आणि तिच्या सदस्यांत किंवा म्होरक्यांत शिक्षा भोगून आलेल्यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असले पाहिजे. ही मर्यादा टोळीच्या आकारमानानुसार बदलते आणि ती कशी काढावी हे कायद्यानेच सांगितले आहे. सर्वसाधारण लोकसंख्येतून तेवढीच माणसे सहज उचलली, तर त्यांच्यात शिक्षा झालेले इतके लोक निव्वळ योगायोगाने निघण्याची शक्यता एक लाखात एक किंवा त्याहून कमी असली पाहिजे. संख्याशास्त्राचा इतका आदर करणारा फौजदारी स्वरूपाचा कायदा या लेखकाच्या पाहण्यात दुसरा नाही. निकष पूर्ण झाले की प्रीफेक्चरचा, म्हणजे जपानी प्रांताचा, सार्वजनिक सुरक्षा आयोग टोळीच्या प्रतिनिधीला आपले म्हणणे मांडण्यासाठी रीतसर पाचारण करतो, निर्देशन राजपत्रात प्रसिद्ध होते आणि दर तीन वर्षांनी ही सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. अशा निर्देशित टोळ्या सुमारे पंचवीस आहेत.

प्रस्तावित सुधारणा या तिसऱ्या निकषातून आपोआप निघते. एखाद्या टोळीने हलगर्जीपणाने सज्जन तरुणांची भरती केली, तर शिक्षा झालेल्यांचे प्रमाण घसरून ती यादीतून गळण्याचा धोका संभवतो आणि मग तिच्यावर नियम लावायचे कसे, असा प्रश्न कार्यालयापुढे उभा राहतो. सबब प्रत्येक नव्या उमेदवाराकडून ‘वर्तन असमाधानकारक असल्याचा दाखला’ राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीने घ्यावा. प्रमाण मर्यादेखाली गेल्यास टोळीला सुधारणेची नोटीस द्यावी आणि ते पूर्ववत करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी. मुदतीत पुरेसे गुन्हे घडले नाहीत, तर मुदतवाढीचा अर्ज विलंबशुल्कासह स्वीकारता येईल.

पायरी २ : कार्यालयाची जागा आणि दारावरची पाटी

बहुतेक प्रीफेक्चरांच्या टोळीबहिष्कार अध्यादेशांनुसार शाळा, ग्रंथालय व तत्सम संस्थांपासून २०० मीटरच्या आत टोळीचे नवे कार्यालय उघडता येत नाही. हा नियम वाचून अधिकाऱ्याने गोंधळून जाऊ नये. २०० मीटरच्या पलीकडे काय, हा प्रश्न नियमाने मोकळाच ठेवला आहे. मोजमाप टेपने करावे आणि टेपचे एक टोक टोळीच्या प्रतिनिधीने धरावे, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

पाटीचा विषय अधिक नाजूक आहे. टोळीविरोधी कायद्याचे २९ वे कलम असे सांगते की शेजाऱ्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना धास्ती वाटेल अशी चिन्हे वा वस्तू टोळीने कार्यालयाबाहेर, किंवा बाहेरून दिसतील अशा रीतीने आत लावू नयेत. पूर्वी दारावर टोळीचे सोनेरी बोधचिन्ह झळकत असे आणि त्याचा उद्देशच धास्ती वाटावी हा होता. ते उतरवले की शेजाऱ्यांची धास्ती कमी होते, हे कायद्याचे गृहीतक आहे. वास्तविक आत कोण बसले आहे हे गल्लीतल्या प्रत्येकाला पाटीशिवायही ठाऊक असते.

येथे प्रस्ताव असा की पाटीवर संपूर्ण बंदी न घालता तिचे प्रमाणीकरण करावे. जपानमध्ये प्रत्येक शहराला, रेल्वे कंपनीला आणि खुद्द टोकियोच्या पोलिसांना गोंडस शुभंकर आहे. पोलिसांचा ‘पीपो-कुन’ १९८७ पासून सेवेत आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक निर्देशित टोळीने एक शुभंकर नोंदवावा. त्याचा रंग फिकट असावा, डोळे मोठे असावेत आणि दोन्ही हातांची सर्व बोटे शाबूत असावीत. शुभंकर पाहून धास्ती वाटते की नाही, हे ठरवण्यासाठी गल्लीतील तीन गृहिणी, एक टपालवाहक व एक निवृत्त मुख्याध्यापक यांची समिती नेमावी. समितीचा प्रवासभत्ता टोळीकडून वसूल करू नये, कारण तो लाभ घेतल्याचा ठपका समितीवरच येईल.

कार्यालय कायमचे बंद पाडता आले तर जागेचे काय करावे, याचे एक प्रचलित उदाहरण फार चांगले आहे आणि त्यात भर घालण्यासारखे काही नाही. किताक्युशू येथील कुदो-काई या टोळीला डिसेंबर २०१२ मध्ये ‘विशेष धोकादायक’ म्हणून निर्देशित करण्यात आले. हे बिरुद आजवर दुसऱ्या कोणत्याही टोळीला मिळालेले नाही. तिचे मुख्यालय पुढे विकले जाऊन पाडण्यात आले आणि ती जागा बेघरांसाठी काम करणाऱ्या होबोकू या संस्थेने समाजसेवेच्या केंद्रासाठी घेतली.

पायरी ३ : बैठकीतील उपस्थिती

२७ ऑगस्ट २०१५ रोजी जपानमधील सर्वांत मोठी टोळी यामागुची-गुमी फुटली आणि कोबे यामागुची-गुमी ही वेगळी झाली. १९१५ साली कोबे बंदरात स्थापन झालेल्या संघटनेची शताब्दी अशी साजरी झाली. पुढील काही वर्षांत दोघांत गोळीबार आणि खून झाले, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये दोन्ही टोळ्यांना ‘विशेष संघर्षरत’ ठरवण्यात आले. या निर्देशनाची मुदत तीन महिन्यांची असते आणि ती पुन्हा पुन्हा वाढवली जाते. त्याखाली ठरवून दिलेल्या सतर्कता क्षेत्रांत सदस्यांना आपल्या कार्यालयात पाऊल ठेवता येत नाही, आणि साधारण पाच किंवा अधिक जण एकत्र जमल्यास आधी आदेश वगैरे न बजावता थेट अटक करता येते.

अधिकाऱ्याने ‘साधारण पाच’ या शब्दांकडे नीट लक्ष द्यावे. चार म्हणजे चार आणि सहा म्हणजे सहा हे निर्विवाद आहे. परंतु साधारण पाच म्हणजे किती, याबाबत स्पष्टीकरणात्मक परिपत्रक काढणे आवश्यक आहे. प्रस्तावित मसुद्यानुसार चार सदस्य टेबलाभोवती बसलेले असताना पाचवा दारात उभा राहून बूट काढत असेल, तर तो अर्धा धरावा. सत्तरी ओलांडलेला सदस्य बैठकीत झोपी गेल्यास त्याची उपस्थिती नोंदवू नये, मात्र तो घोरत असल्यास सहभागी समजावे. व्हिडिओ कॉलवरून हजर असलेला सदस्य ज्या क्षेत्रात शरीराने बसला असेल त्या क्षेत्रात मोजावा. चारच्या तुकड्यांनी एकाच उपाहारगृहात वेगवेगळ्या टेबलांवर बसून एकमेकांना न पाहिल्यासारखे करण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वीच टेबलांमधील किमान अंतर ठरवून टाकावे.

एप्रिल २०२५ मध्ये यामागुची-गुमीने कोबे ज्यात येते त्या ह्योगो प्रीफेक्चरच्या पोलिसांकडे एक शपथपत्र सादर केले आणि संघर्ष थांबवत असल्याचे लेखी कळवले. गुन्हेगारी संघटनेने भांडण मिटल्याचे पत्र पोलिसांकडे आणून द्यावे, ही घटना नियामक कार्यालयाच्या दृष्टीने अत्यंत समाधानाची आहे. असे पत्र आल्यास त्यावर आवक क्रमांक टाकावा, दिनांकाचा शिक्का मारावा, पोच द्यावी आणि निर्देशन पूर्ववत चालू ठेवावे. पोलिसांनीही निर्देशन चालूच ठेवले.

पायरी ४ : करंगळीसंबंधीची कार्यपद्धती

या पायरीवरील प्रचलित नियम एवढा तपशीलवार आहे की प्रस्तावाला फारशी जागा उरत नाही. टोळीविरोधी कायद्याचे २० वे कलम बोट छाटण्याची व्याख्या देते: टोळीची शिस्त मोडल्याबद्दल क्षमायाचना म्हणून, टोळी सोडण्याची परवानगी मिळावी म्हणून किंवा तत्सम कारणासाठी सदस्याने आपल्या हाताचे बोट पूर्णतः अथवा अंशतः स्वतः कापून टाकणे. मग ते कलम सांगते की एका सदस्याने दुसऱ्याला असे करण्यास भाग पाडू नये, गळ घालू नये आणि त्यासाठी साधने पुरवून किंवा अन्य रीतीने साहाय्यही करू नये. २४ वे कलम अल्पवयीनांच्या अंगावर सक्तीने गोंदवण्याबाबत अशीच काळजी घेते.

बारकाईने वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल की स्वखुशीने, कोणाच्याही आग्रहाविना, स्वतःच्या मालकीच्या सुरीने आपले बोट कापणाऱ्यावर या कलमाखाली काहीच करता येत नाही. तेव्हा प्रस्ताव एवढाच की तपासणीच्या वेळी सुरी खरेदीची पावती मागावी आणि ती संबंधिताच्याच नावे आहे याची खातरजमा करावी. पावती नसल्यास सुरी उसनी आणली असे गृहीत धरून देणाऱ्याचा शोध घ्यावा. स्वेच्छेच्या घोषणापत्रावरील सही बोट कापण्यापूर्वीची असावी, नंतरची असल्यास अक्षर जुळत नाही, असा शेरा लेखापरीक्षणात येतो.

पायरी ५ : उत्पन्न, दरपत्रक आणि कर

टोळीचे नाव सांगून पैसे मागण्याचे २७ प्रकार कायद्याच्या ९ व्या कलमात मोजून दिले आहेत. गुपित फोडू नये म्हणून पैसे मागणे, देणगी मागणे, उपकंत्राट मागणे, दुकानदाराकडून संरक्षणाचा हप्ता मागणे, दुसऱ्याची उधारी वसूल करणे, स्वतःची उधारी माफ करून घेणे, अपघाताच्या भरपाईत मध्यस्थी करणे, भाडेकरूला जागेतून हुसकावणे आणि असेच आणखी कितीतरी. यातली प्रशासकीय खुबी अशी की मागणी थेट खंडणीच्या पातळीवर पोहोचली नसेल, तर पहिल्या वेळी शिक्षा होत नाही. ‘थांबवा’ असा आदेश बजावला जातो आणि तो आदेश मोडला तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे कायद्याने प्रत्येक सदस्याला एक मागणी जवळजवळ विनामूल्य दिली आहे. प्रस्ताव असा की ही सवलत वापरली गेल्याची नोंद सदस्याच्या ओळखपत्रावर छिद्र पाडून करावी, रेल्वेचा तिकीट तपासनीस पाडतो तसे.

हप्ता हा पूर्वापार उघड हप्ता म्हणून घेतला जात नाही. मद्यालयाला ओले हातरुमाल पुरवायचे, कुंड्या भाड्याने द्यायच्या, नववर्षाची तोरणे अवाच्या सवा दराने विकायची आणि त्याची पावती द्यायची, अशी जुनी रीत आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून टोकियोच्या सुधारित अध्यादेशाने गिन्झासारख्या ठरवून दिलेल्या भागांत हप्ता घेणाऱ्याबरोबर देणाऱ्या दुकानदारालाही एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. घाबरून पैसे देणाऱ्याला शिक्षा करण्याने त्याची भीती कमी होते की दोन बाजूंनी वाढते, हा प्रश्न नस्तीत उपस्थित करू नये. या लेखकाचे मत विचाराल तर दुकानदाराच्या हाती ‘मी दिले तर मीच आत जाईन’ हे एक उत्तर आले, आणि एवढ्यापुरता तो नियम शहाणपणाचा आहे.

करवसुलीबाबत मात्र शासनाने उशिरा का होईना, चांगली सुरुवात केली आहे. कनिष्ठ सदस्य वरिष्ठांना आणि वरिष्ठ मुख्यालयाला दरमहा जी रक्कम पोहोचवतात, तिला संघटनेची वर्गणी समजून कोणी हात लावत नसे. कुदो-काईचा प्रमुख सातोरू नोमुरा याच्यावर या वर्गणीतला वाटा हे त्याचे वैयक्तिक उत्पन्न आहे असे धरून प्राप्तिकर चुकवल्याचा खटला झाला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा व आठ कोटी येन दंड झाला. पुढे खुनाच्या व हल्ल्यांच्या खटल्यात २०२१ मध्ये त्याला फाशी ठोठावण्यात आली आणि मार्च २०२४ मध्ये फुकुओका उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. पण करनिर्धारणाच्या दृष्टीने तो गौण भाग झाला.

येथील प्रस्ताव ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या उपभोगकराच्या बीजक पद्धतीवर आधारलेला आहे. या पद्धतीत पुरवठादाराकडे ‘टी’ अक्षर आणि १३ अंकांचा नोंदणी क्रमांक नसेल, तर खरेदीदाराला त्याला दिलेल्या कराची पुरती वजावट मिळत नाही. लहान कारागीर, चित्रकार, टॅक्सीचालक या क्रमांकापायी जेरीस आले आहेत. तोच न्याय टोळ्यांना लावावा. हप्ता मागायला आलेल्या इसमाने नोंदणी क्रमांक असलेले बीजक, दोन्ही कर-दरांचे वेगळे हिशोब आणि सात वर्षे कागद जपून ठेवण्याची तयारी दाखवल्याखेरीज दुकानदाराने त्याच्याशी बोलू नये. पिस्तुलाला न भिणारे अनेक पुरुष या टप्प्यावर व्यवसाय सोडतील, असा लेखकाचा अंदाज आहे.

पायरी ६ : मालक या नात्याने प्रमुखाची जबाबदारी

१९९५ साली क्योतोमध्ये टोळीयुद्धाच्या भरात एका साध्या वेशातील पोलिसाला प्रतिस्पर्धी टोळीचा माणूस समजून गोळी घालण्यात आली. कुटुंबीयांनी नुकसानभरपाईसाठी दावा केला आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यामागुची-गुमीच्या तत्कालीन पाचव्या प्रमुखाला नागरी संहितेच्या ७१५ व्या कलमाखाली ‘मालक’ म्हणून जबाबदार धरले. कामगाराने कामाच्या ओघात तिऱ्हाइताचे नुकसान केले तर भरपाई मालकाने द्यायची, हा कारखान्याचा नियम टोळीला लागू झाला. टोळीविरोधी कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीने सदस्यांच्या उकळपट्टीबाबतही प्रमुखावर थेट दायित्व आणले; टोळीयुद्धात गुन्हा करून तुरुंगातून सुटलेल्या सदस्याला बक्षीस देण्यास मनाई करण्याचा अधिकारही तिनेच आयोगाला दिला. लेखकाच्या मते या संपूर्ण व्यवस्थेत सर्वाधिक परिणामकारक ठरलेली पायरी हीच आहे, कारण तिने प्रमुखाच्या अभिमानाला न दुखवता त्याच्या खिशाला हात घातला. आपल्या माणसाने कोणावर गोळी झाडावी की झाडू नये, याचा हिशोब प्रमुखाला येनमध्ये करावा लागला.

मालकपण एकदा सिद्ध झाल्यावर उरलेल्या गोष्टी कार्यालयाने संकोच न बाळगता मागाव्यात: हजेरीपत्रक, वार्षिक आरोग्य तपासणी, रात्रपाळीचा भत्ता आणि वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध तक्रार निवारण समिती. समितीचा अध्यक्ष टोळीबाहेरचा असावा. स्वागतसमारंभात सुटून आलेल्या सदस्याला बक्षीस देता येत नसल्याने पुष्पगुच्छाची किंमत किती असली म्हणजे ते बक्षीस ठरते, याचे कोष्टक सोबत जोडावे.

पायरी ७ : खाऊवाटप

कोबेच्या नादा भागातील मुख्यालयात यामागुची-गुमी हॅलोविनच्या दिवशी परिसरातील मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये ह्योगो प्रीफेक्चरने अध्यादेशात दुरुस्ती करून टोळीसदस्यांनी १८ वर्षांखालील मुलांना पैसे किंवा वस्तू देण्यावर बंदी घातली. नियम योग्यच आहे, कारण फुकटच्या खाऊने मुलांच्या मनातला धाक जातो आणि टोळीला तेच हवे असते. या पायरीवर अधिकाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे की आपल्याच नातवाला चॉकलेट देणाऱ्या आजोबांचा प्रश्न येणार आहे, आणि त्यासाठी नातेसंबंधाचा दाखला मागावा.

पायरी ८ : दैनंदिन जीवनातून वगळणे

फुकुओकाने एप्रिल २०१० मध्ये सर्वंकष टोळीबहिष्कार अध्यादेश लागू केला आणि १ ऑक्टोबर २०११ रोजी टोकियो व ओकिनावा यांचे अध्यादेश अमलात आल्यावर सर्व ४७ प्रीफेक्चरे त्याखाली आली. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात शासन टोळीशी बोलतच नाही. ते उरलेल्या समाजाशी बोलते. व्यावसायिकांनी टोळीला लाभ होईल असा व्यवहार करू नये आणि करारात तसे कलम घालावे, असे सांगितले गेले. त्यामुळे घरभाड्याचा करार, मोबाइलची जोडणी, विमा, क्रेडिट कार्ड, बँकखाते, हॉटेलातील समारंभ अशा प्रत्येक कागदावर ‘मी टोळीचा सदस्य नाही’ अशी एक ओळ आली. खोटे लिहून सही केली की ती फसवणूक. सदस्य असणे गुन्हा नाही, परंतु सदस्य असूनही आपले खाते उघडणे हा गुन्हा होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले.

गोल्फचा प्रश्न त्याआधी दहा दिवस सुटला होता. २८ मार्च २०१४ रोजी, एकाच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने टोळीसदस्यांनी ओळख लपवून गोल्फ खेळल्याची दोन प्रकरणे निकालात काढली. मियाझाकीतील मैदानावर सदस्य आहात काय असे कोणी विचारलेच नव्हते, म्हणून तेथील आरोपी निर्दोष सुटला. नागानोतील क्लबात टोळीच्या माणसांना पाहुणे म्हणून आणणार नाही अशी हमी क्लबाच्या सभासदांकडून घेतलेली होती, म्हणून तेथे फसवणूक सिद्ध झाली. भोजनगृहापासून केशकर्तनालयापर्यंत जिथे जिथे विचारणा राहून गेली असेल, तिथे तिथे ती करावी हा या निकालांचा व्यावहारिक बोध. सार्वजनिक स्नानगृहांना हमीपत्राची गरज नाही. तेथे गोंदण आपोआप दिसते.

या पायरीवर उपहासाला आवर घालावा लागतो. अनेक करारांत अशी अट आहे की टोळी सोडून पाच वर्षे झाली नसतील, तर तो माणूस अजूनही सदस्यच समजला जाईल. पाच वर्षे खाते नाही म्हणजे पगार जमा होणार नाही, फोन नाही म्हणजे नोकरीचा अर्ज भरता येणार नाही, भाडेकरार नाही म्हणजे अर्जावर लिहायला पत्ता नाही. टोळी सोडा असे एका खिडकीवर सांगायचे आणि सोडून आलेल्याला दुसऱ्या खिडकीवर पाच वर्षांनी या म्हणायचे, हा प्रकार कागदपत्रांसाठी हेलपाटे घातलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये पोलीस यंत्रणेने व वित्तीय नियामकाने मिळून बँकांना कळवले की टोळीनिर्मूलन केंद्रांच्या मदतीने नोकरीस लागलेल्या माजी सदस्यांना खाते उघडून देण्याकडे सहानुभूतीने पाहावे. कळवणे आणि खाते उघडणे यांच्यामध्ये बँकेची शाखा असते.

माजी सदस्य खरोखर माजी आहे, हे सिद्ध करणारा सर्वांत विश्वासार्ह कागद टोळ्या स्वतःच काढतात. हकालपट्टी झाली की त्याची पत्रे इतर टोळ्यांना टपालाने पाठवण्याची जुनी रीत आहे; तात्पुरत्या बहिष्काराचे पत्र काळ्या अक्षरांत आणि कायमचे संबंध तोडल्याचे तांबड्या अक्षरांत छापतात. प्रस्ताव असा की तांबड्या पत्राची साक्षांकित प्रत जोडल्यास पाच वर्षांची अट शिथिल करावी. शासनाच्या दाखल्यापेक्षा गुन्हेगारांचा दाखला अधिक खात्रीचा आहे, ही गोष्ट टिपणीत थेट न लिहिता ‘उपलब्ध पुराव्यांच्या अनुषंगाने’ असे लिहावे.

पायरी ९ : वार्षिक शिरगणती

दरवर्षी वसंत ऋतूत पोलीस यंत्रणा मागील वर्षअखेरची सदस्यसंख्या जाहीर करते. १९६३ मध्ये ती सुमारे १,८४,१०० होती. २०२४ अखेरीस ती १८,८०० वर आली, आणि त्यात पूर्ण सदस्य जेमतेम ९,९०० होते, बाकीचे टोळीशी संबंध ठेवून असलेले सहयोगी. राहिलेल्यांचे वय पाहिले तर २०१९ मध्येच निम्म्याहून अधिक सदस्य पन्नाशीपुढचे होते आणि सत्तरीपुढचे दहा टक्क्यांवर गेले होते.

याच गतीने घट होत राहिल्यास नियामक कार्यालयाच्या मंजूर पदांचे काय होणार, हा विचार करणे क्रमप्राप्त आहे. नियमन करण्यासाठी ज्याचे नियमन करायचे असा कोणी तरी लागतो. म्हणून संख्या ठरावीक पातळीखाली गेल्यास ‘संवर्धन क्षेत्र’ घोषित करावे, अशी शिफारस सादर करून ठेवावी. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने जिन्यावर सावकाश चढावे, जेणेकरून वृद्ध सदस्यांना कागदपत्रे लपवण्यास पुरेसा वेळ मिळेल आणि तपासणी निष्फळ होऊन पुढील वर्षाची तरतूद कायम राहील.

पायरी १० : यादीबाहेरच्यांसाठीचा नमुना

आतापर्यंतच्या सर्व पायऱ्यांना एक गोष्ट गृहीत आहे: टोळीला नाव, प्रमुख, पत्ता आणि उतरंड आहे. २०२२ व २०२३ मध्ये जपानभर घरफोड्या आणि दरोड्यांची जी मालिका झाली, तिच्यातील कामगारांना समाजमाध्यमांवरच्या ‘जास्त पगार’ अशा जाहिरातींतून घेतले होते. सूचना पुसल्या जाणाऱ्या संदेशांतून मिळत होत्या. ‘लुफी’ हे टोपणनाव घेऊन त्या देणारे लोक फिलिपिन्समधील स्थानबद्धता केंद्रात बसलेले निघाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना जपानला पाठवण्यात आले. दरोडा घालणारी मुले एकमेकांना ओळखत नव्हती, प्रमुखाला त्यांनी पाहिलेले नव्हते, आणि कामासाठी अर्ज करताना पाठवलेल्या ओळखपत्राच्या छायाचित्रामुळे त्यांना माघारही घेता येत नव्हती. पोलिसांनी याच सुमारास अशा गटांना ‘निनावी आणि प्रवाही गुन्हेगार गट’ असे वर्गनाम दिले. यादीतल्या टोळ्यांना घर, फोन आणि खाते मिळेनासे झाल्यावर तरुणांनी यादीत जाण्याचे कारणच उरले नाही. काही यादीतले लोक या निनावी गटांच्या कमाईत वाटेकरी असल्याचेही पोलिसांना आढळले आहे.

अशा गटाचे नियमन करताना अधिकाऱ्याने पायरी १ चा नमुना वापरावा. ‘संघटनेचे नाव’ या रकान्यात ‘नाही’ लिहावे. ‘प्रमुखाचे नाव’ या रकान्यात टोपणनाव लिहून प्रश्नचिन्ह करावे. ‘मुख्य कार्यालयाचा पत्ता’ या रकान्यात सर्वांत अलीकडील सिमकार्डाचा क्रमांक चालेल, मात्र तो तीन दिवसांहून जुना नसावा. ‘सदस्यांपैकी शिक्षा झालेल्यांचे प्रमाण’ काढताना बहुतेक सदस्यांवर पूर्वी एकही गुन्हा नसल्याने गट निकषात बसत नाही, असे आढळून येईल. तेव्हा नमुना अपात्र ठरवून, अर्जदारास त्रुटी पूर्ततेसाठी पंधरा दिवसांची नोटीस ज्ञात पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि ते पाकीट परत आल्यावर त्याची नोंद आवक नोंदवहीत घ्यावी.